पक्क्या रंगाचं मतदान

मत न देता मतदार कसं व्हावं, हे माझ्याकडून शिकावं! रायपूर राजधानी होऊन चार वर्षं झाली, महापालिकेची निवडणूक आली आणि आमच्या पाऱ्यातली, म्हणजे मराठी मोहल्ल्यातली, माणसं मेंढरांसारखी रांगेत उभी राहायला निघाली. मला तर हसूच आलं. माझ्या एका मतानं कुणाचं काय वाकडं होणार?

पण बायकोनं, वनमालानं, फर्मान काढलं होतं, "ज्याच्या बोटाले शाई नाही, त्याले घरात चहा नाही!"

ती शेवंताकाकूंचा प्रचार करत होती. काकू निवृत्त नर्स. आमच्या फाटकासमोरचा कचऱ्याचा ढीग हलवीन, एवढंच त्यांचं आश्वासन.

मी उरला औद्योगिक वसाहतीतल्या रोलिंग मिलमध्ये स्टोअर सांभाळतो. सळ्यांवर खुणा करायचा पक्का रंग माझ्याच कपाटात! थोडा बाटलीत भरून आणला आणि मतदानाच्या सकाळी डाव्या तर्जनीवर झकास रेघ ओढली. शेजारचे शेखर आणि श्यामराव माझ्याइतकेच आळशी. त्यांनीही हौसेनं बोटं पुढे केली. चहा मिळाला, वर पोहे मिळाले, आणि मी दुपारपर्यंत घोरलो.

चार वाजता बोट मिरवत फाटकाजवळच्या पानठेल्यावर गेलो. तिथं काकूंचे विरोधक दयाराम भैया आपल्या माणसांना सांगत होते, "चिंता मत करो! जीतते ही कचरा-घर पक्का बनवा देंगे, इसी फाटक के सामने. ये मराठी लोग वोट डालने निकलते कहाँ हैं!"

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. आम्ही निघत नाही? आम्ही? तसाच चपला फटफटवत बूथ गाठला!

अधिकारी बाईंनी बोट पाहिलं. "आप तो डाल चुके हैं."

"नहीं मॅडम! ये निशान नकली है!"

"नकली? किसलिए लगाया?"

मागची अख्खी रांग कान टवकारून उभी.

"चाय के लिए," मी पुटपुटलो.

"फर्जी वोटर! पकड़ो!" कुणीतरी ओरडलं. हवालदारानं मला दंडाला धरून बाहेर काढलं. मग मी बोटाला चुना लावला, रॉकेल लावलं, शेवटी सायकलवाल्याचा घासकागद आणला. कातडं निघालं, रंग निघाला नाही!

बाहेर काकूंच्या टेबलावर वनमाला बसली होती. "काहून घासून राहिले जी? सकाळी देलं ना मत?"

मी खाली पाहिलं. तिला कळलं.

"थू तुमच्या जिनगानीवर!" एवढंच म्हणाली. पाच वाजले, बूथ बंद झालं.

काकू दोन मतांनी पडल्या. रंगवलेली बोटं तीन होती, हे वनमालानं साऱ्या पाऱ्याला सांगितलं.

कचरा-घराच्या भूमिपूजनाला दयाराम भैया स्वतः माझ्या दारी आले आणि चारचौघांत माझ्या गळ्यात हार घातला. "भैया, हर पारे में आप जैसे तीन आदमी मिल जाएँ, तो हमको प्रचार ही न करना पड़े!"

हार ताज्या झेंडूचा होता. वास कशाचा येत होता, ते मात्र विचारू नका!