राणीसाहेब आणि तापलेलं इंजिन

"मला नुसती इंजिनाची धडधड ऐकू द्या, आजार मी सांगतो!" असं जावईबापू छाती फुगवून सांगत. पोटापाण्यासाठी ते चष्मे विकायचे, पण जीव सगळा बॉनेटखाली. कॉलेजात असताना त्यांनी मित्राची स्कूटर पूर्ण उघडली होती. ती पुन्हा जोडली कोणी, असं विचारलं की ते विषय बदलत.

आता त्यांच्याच गाडीला विचित्र दुखणं जडलं होतं. मोकळ्या रस्त्यावर थंडगार, आणि गर्दीत मुंगीच्या पावलानं चालायला लागली की तापमानाचा काटा थेट लाल पट्ट्यात! जावईबापूंनी आधी थर्मोस्टॅट बदलला, मग रेडिएटरचं झाकण, मग पाण्याचा पंप. काटा काही ऐकेना.

"गॅरेजमध्ये दाखवा की!" बायको म्हणाली.

"डॉक्टरनं डॉक्टरकडे जायचं?" जावईबापू दुखावले.

त्या संध्याकाळी सासूबाईंचं नाटक होतं. आयुष्यातलं पहिलं, आणि भूमिका थेट राणीची! बायको सामान घेऊन पुढे गेली होती. मखमली झगा, डोक्यावर मुकुट, गालांवर रंगाचे थर, अशा थाटात सासूबाई मागच्या सीटवर विराजमान झाल्या.

"वेळेत पोचू ना हो?"

"आई, माझ्या गाडीत बसलात म्हणजे पोचलात!"

बाजाराच्या चौकाआधी रांग लागली आणि काटा चढू लागला. जावईबापूंनी खिडक्या उघडल्या आणि हीटर पूर्ण सोडला.

"अहो, उन्हाळ्यात हीटर?"

"इंजिनाची उष्णता बाहेर काढतोय, आई."

"माझ्या अंगावर?"

"थोडीशीच!"

थोडीशी कसली! राणीच्या भुवया ओघळून गालांवर आल्या. गालांची लाली हनुवटीवर जमली. शेवटी जावईबापूंनी गाडी कडेला घेतली, इंजिन चालूच ठेवून बॉनेट उघडलं आणि डोळे बारीक करून आत पाहिलं. एकदम त्यांच्या डोक्यात उजेड पडला. गाडी वेगात असली की वारा लागतो. हळू चालताना वारा घालतो तो रेडिएटरचा पंखा. आणि तोच ढिम्म उभा!

"फॅन गेला, आई!" ते आनंदानं ओरडले.

"माझा?" सासूबाई हादरल्या. "नाटक बघायच्या आधीच?"

"गाडीचा पंखा हो!"

पंख्याचा फ्यूज उडाला होता. जादा फ्यूज नव्हता. जावईबापूंनी तसाच दुसरा फ्यूज शोधला, तो निघाला हॉर्नचा. तो काढून पंख्याला बसवला मात्र, भर्रर्र! पंखा फिरला, काटा थबकला, हीटर बंद झाला. जावईबापू स्वतःवर इतके खूश, की स्वतःचाच हात हातात घेऊन हलवायचे बाकी होते.

पण रांग हलेना. चौकात एक टेंपो आणि एक व्हॅन नाकाला नाक लावून उभे होते आणि दोघंही मागे हटायला तयार नव्हते. जावईबापूंनी हॉर्न दाबला. चकार शब्द नाही!

"राहू द्या. हॉर्न मी आहे!" म्हणत सासूबाई झगा सावरत उतरल्या आणि थेट चौकाच्या मध्यभागी जाऊन गरजल्या, "मागे घे तो टेंपो! हे राज्य आमचं आहे!"

ओघळलेली राणी अंगावर येताना पाहून टेंपोवाला घाबरून मागे गेला. व्हॅनवालाही सरकला. सासूबाई हात करून एकेक गाडी सोडू लागल्या. मागच्यांनी हॉर्नचा कल्लोळ केला, तशी जावईबापूंनीही गाडी पुढे दामटली. नजर काट्यावर. काटा उतरत होता!

"बघितलंत आई? याला म्हणतात निदान!" मग थिएटरपर्यंत ते पंख्यावर अखंड बोलत राहिले. मागच्या सीटवरून हूं नाही की चूं नाही. सासूबाई संवाद आठवत असतील, असं जावईबापूंना वाटलं.

दारात बायको उभी होती. तिनं मागचं दार उघडलं.

"आई कुठंय?"

"काटा बघ ना आधी!" जावईबापू म्हणाले. "बरोब्बर मध्यावर!" आणि मग त्यांनी मागे वळून पाहिलं. सीट रिकामी!

तेवढ्यात ट्रॅफिक हवालदाराची मोटारसायकल फाटकातून आत शिरली. मागे राणीसाहेब, झगा वाऱ्यावर! त्या उतरल्या, जावयाकडे न बघता आत गेल्या, तोंड पुसून पुन्हा रंगवलं आणि असं नाटक गाजवलं की पडदा पडल्यावरही लोक टाळ्या थांबवेनात.

नाटक संपल्यावर जावईबापू खाली मान घालून गाडीचं दार धरून उभे राहिले. "बसा आई. आता अजिबात तापत नाही."

"मी उतरल्यापासून ना?" सासूबाई गोड हसल्या. "मग उगाच परत कशाला तापवायची? मला हवालदारसाहेब सोडताहेत!"