एका ब्रिटिश खासदाराचा अल्पपरिचय (पृष्ठे चौदा)

पोल्डर मराठी मंडळाच्या सांस्कृतिक कार्यवाह डॉ. विशाखा चौबळ यांनी गेल्या दिवाळीच्या कार्यक्रमात, दोनशे दहा लोकांसमोर, चालू माइकवरून, एका ब्रिटिश खासदाराच्या डोळ्यांदेखत आपल्या पदाचा राजीनामा दिला. असे काही घडलेलेच नाही, असा ठराव कार्यकारिणीने नंतर एकमताने केला (डॉ. चौबळ यांच्या हातात त्या वेळी चहाचा ट्रे असल्याने त्यांचा हात मोजता आला नाही). तेव्हा आपणही ते घडले नाही असेच धरून चालू.

संस्था कार्यकर्त्यांच्या निष्ठेवर चालते, असे भाषणात म्हणतात. निष्ठा ही चांगली गोष्ट आहे, पण ती दर सहा महिन्यांनी पातळ होते. संस्थेला शंभर वर्षे टिकायचे असेल, तर घटनेत दार कुठे आहे हे लिहावे आणि किल्लीचा उल्लेख टाळावा. पोल्डर मराठी मंडळाची घटना या दृष्टीने फार विचारपूर्वक लिहिलेली आहे.

विशाखा मूळची नाशिकची, दातांची डॉक्टर. नऊ वर्षांपूर्वी नवऱ्याच्या, म्हणजे अभिजितच्या, नोकरीमागोमाग नेदरलँड्समध्ये झूटरमेरला आली. इथे स्वतः दाढ काढायची तर आधी डच भाषेची परीक्षा. तोवर ती युट्रेख्टच्या एका दवाखान्यात मदतनीस होती, म्हणजे ज्या खुर्चीशेजारी बसून तिने नाशिकला चार हजार दाढा काढल्या होत्या, तसल्याच खुर्चीच्या दुसऱ्या बाजूला उभी राहून ती एका चोवीस वर्षांच्या डॉक्टर मुलीला कापूस देत असे. परीक्षा दोनदा हुकली होती. दुसऱ्या वेळी नगरपालिकेला तक्रारीचे पत्र लिहायचे होते, विषय कचऱ्याचा. मंडळाच्या सवयीने विशाखाने आधी नगरपालिकेचे स्वागत केले, मग आजवरच्या कार्याचा आढावा घेतला, आणि आभारप्रदर्शन संपेपर्यंत वेळ संपली. कचरा राहून गेला.

आता तिसरी आणि शेवटची संधी मार्चमध्ये होती. दवाखान्याच्या मालकीणबाईंनी एप्रिलपर्यंत तिच्यासाठी एक खुर्ची राखून ठेवली होती, त्यानंतर दुसरा डॉक्टर येणार होता. परीक्षेचा वर्ग रविवारी सकाळी दहाला. कार्यकारिणीची बैठकही रविवारी सकाळी दहाला. वर्ग एक वाजता सुटे. बैठक सल्लागार शैलाताईंचा मुद्दा संपला की सुटे.

"दादा, मला आता सोडा," ती अध्यक्ष रवींद्रदादांना म्हणाली.

"अगं, आम्ही कुठे धरलंय तुला?" दादा दुखावल्यासारखे म्हणाले. "घटनेनं धरलंय."

आणि हे खरे होते. कलम चौदा असे, की पदाधिकाऱ्याचा राजीनामा फक्त वार्षिक सर्वसाधारण सभाच मंजूर करू शकते, आणि त्या सभेला एकतृतीयांश सभासद हवेत. मंडळाचे सभासद दोनशे त्रेचाळीस, म्हणजे एक्क्याऐंशी हवेत. गेल्या पाच वर्षांची उपस्थिती पुढीलप्रमाणे: एकोणीस; चौदा; अकरा (पैकी दोघे शेजारच्या हॉलमध्ये बॅडमिंटनला आले होते); नऊ; आणि ऑनलाइन घेतली त्या वर्षी चौतीस, पैकी एकतीस जणांचा कॅमेरा बंद, एक जण गाडी चालवत होता, आणि एका खिडकीत फक्त छताचा पंखा दिसत होता. याच काळात कोजागरीच्या मसाला दुधाला सरासरी उपस्थिती तीनशे दहा होती. म्हणजे एकशे अठ्ठावीस टक्के.

"मग सभा दिवाळीच्या कार्यक्रमातच घेऊ," विशाखा म्हणाली. "सगळे येतातच."

शैलाताई मंडळाच्या संस्थापक-सल्लागार. गेली बावीस वर्षे त्या निवृत्त होत आहेत. त्यांनी चष्मा काढला.

"विशाखा, कार्यक्रमाला येतो तो प्रेक्षक असतो. सभेला येतो तो सभासद. माणूस तोच असला म्हणून काय झालं? कपडे वेगळे असतात."

सूचना तिथेच बारगळली. शिवाय त्याच बैठकीत मोठा विषय निघाला, तो म्हणजे ब्रिटिश खासदार.

रणजित मिरजकर हे ब्रिटनच्या संसदेत ईस्ट मॉर्कलबी मतदारसंघाचे खासदार. नोव्हेंबरात ते युट्रेख्टचे सायकलतळ पाहायला येणार होते. (ब्रिटिश खासदार कारकिर्दीत एकदा सायकलींचा अभ्यास करायला नेदरलँड्सला येतो, थक्क होतो, अहवाल लिहितो आणि मोटारीने घरी जातो.) आडनावावरून ते आपले आहेत हे कार्यकारिणीने चार मिनिटांत सिद्ध केले. त्यांना दिवाळीचे प्रमुख पाहुणे म्हणून बोलावायचे ठरले आणि अल्पपरिचय लिहायचे काम विशाखाकडे आले.

"हे शेवटचं हं," ती म्हणाली.

"अर्थात," दादा म्हणाले. हे ते प्रत्येक कामाला म्हणत.

विशाखाने आठ ओळी लिहिल्या. जन्म लेस्टरला. वडील बसचालक, आई शाळेत स्वयंपाकीण. वकिली. नगरसेवक असताना कचरापेट्यांचा रंग हा प्रश्न अकरा वर्षे लावून धरला. संसदेच्या निवडणुकीत दोनदा पडले, तिसऱ्यांदा दोनशे बारा मतांनी आले. संसदेत तीनशे सहा प्रश्न विचारले, त्यांतले दोनशे नव्वद एकाच चौकातल्या खड्ड्याबद्दल. अंतर्गत जलमार्गांचे राज्यमंत्री म्हणून एकोणीस दिवस काम पाहिले. विसाव्या दिवशी सरकार पडले (जलमार्गांचा यात दोष नव्हता). एकदा पक्ष सोडला, वर्षभराने परत आले, मधल्या काळात दोन्ही पक्षांच्या हे लक्षात आले नव्हते.

या आठ ओळी अभिप्रायासाठी कार्यकारिणीत फिरल्या. शैलाताई सांगलीच्या, त्यामुळे मिरजेचा उल्लेख सांगलीशिवाय करणे त्यांना अन्यायाचे वाटले. त्यांनी सांगलीची दोन पाने घातली. त्यावर मिरजेच्या एका सभासदाने मिरजेची दोन घातली. दादांनी मंडळाची स्थापना, पहिली कार्यकारिणी, दुसरी कार्यकारिणी, पहिल्या आणि दुसऱ्या कार्यकारिणीतला समेट, आणि समेटाच्या वेळी दिलेला मेनू असा मजकूर जोडला. अल्पपरिचय चौदा पानांचा झाला. त्याची रचना अशी: सांगली-मिरज, चार पाने, मंडळ, सहा, महाराष्ट्राची थोर परंपरा, तीन, श्री. मिरजकर, एक (अनेक जागी 'ते' या सर्वनामाने).

"हे कमी करायला हवं," विशाखा म्हणाली.

"पाहुण्यांचा अपमान होईल," शैलाताई म्हणाल्या.

कार्यक्रम एका शाळेच्या सभागृहात, दोनचा होता. सर्वांना ते माहीत असल्यामुळे सगळे सव्वातीनला आले. तोवर फेटा बांधलेले खासदार शाळेच्या शिक्षकखोलीत, पहिलीतल्या मुलांच्या खुर्चीवर, गुडघे हनुवटीशी घेऊन बसून होते. सोबतीला विशाखा. (संभाषण इंग्रजीत झाले. पाहुण्यांना मराठीत 'बस' आणि 'पुरे' हे दोनच शब्द येत होते, दोन्ही आईकडून आलेले.)

"तुम्ही इथं काय करता?" त्यांनी विचारले.

"मी दातांची डॉक्टर आहे. होते. होईन. आणि या मंडळाची कार्यवाह आहे. ते सोडायचंय, पण सोडता येत नाही."

खासदारांनी फेट्यासकट मान वर केली. "म्हणजे आमच्यासारखंच."

"तुम्हाला का नाही येत? पत्र लिहायचं."

"ब्रिटनच्या खासदाराला राजीनामाच देता येत नाही. चारशे वर्षांपूर्वीचा ठराव आहे."

"मग लोक जातात कसे?"

"वित्तमंत्र्याकडे अर्ज करायचा, की मला राजाच्या अमुक टेकड्यांचा कारभारी नेमा. राजाचा नोकर झालेल्याला संसदेत बसता येत नाही. म्हणून जागा आपोआप रिकामी."

"टेकड्यांवर काय काम असतं?"

"काही नाही. पूर्वी तिथं दरोडेखोर होते म्हणून कारभारी नेमत. दरोडेखोर गेले, पद राहिलं."

"किती सुंदर," विशाखा म्हणाली. तिला नऊ वर्षांत युरोपातले इतके काही आवडले नव्हते.

खासदारांनी खिशातून फोन काढून दाखवला. अर्ज लिहून तयार होता, चार महिन्यांपासून. पाठवायचे धैर्य होत नव्हते. "वाटतं, अजून काही केलंच नाही मी. एवढ्यात कसं जायचं?"

मग दीपप्रज्वलन झाले आणि विशाखा माइकपाशी उभी राहून अल्पपरिचय वाचू लागली. पहिल्या दहा मिनिटांत खासदारांचा जन्म झाला नाही. विसाव्या मिनिटाला ते कृष्णाकाठी आले, जिथे ते कधी गेले नव्हते. तिसाव्या मिनिटाला मंडळातला समेट झाला आणि मागच्या रांगेत एका आजोबांचा डोळा लागला. शेजारी बसलेले दादा अधूनमधून इंग्रजीत सारांश सांगत होते: "ग्रेट ट्रॅडिशन. युअर ट्रॅडिशन." खासदार स्वतःचे आयुष्य ऐकत गेले. त्यांचा चेहरा हळूहळू शांत होत गेला, भूल चढायला लागलेल्या रोग्याचा होतो तसा. सत्तेचाळिसाव्या मिनिटाला, विशाखा "असे हे अष्टपैलू व्यक्तिमत्त्व" या शब्दांपाशी आली, तेव्हा त्यांनी फोनवर अंगठा टेकवला.

सत्काराला उत्तर देताना ते चाळीस सेकंद बोलले. म्हणाले, माझ्या हातून इतके झाले आहे याची मला कल्पना नव्हती. या माणसाला आता विश्रांती द्यायला हवी. मी आत्ताच राजीनाम्याचा, म्हणजे टेकड्यांचा, अर्ज पाठवला आहे. उद्या सकाळपर्यंत नेमणूक होईल. मग मराठीत म्हणाले, "पुरे."

टाळ्यांचा कडकडाट झाला. पाहुणे मराठीत बोलले होते.

आणि इथे, न घडलेली गोष्ट घडली. माइक विशाखाच्या हातात होता. तिने समोर पाहिले आणि डोकी मोजली. प्रेक्षक नव्हे, डोकी.

"दोनशे दहा सभासद हजर आहेत," ती म्हणाली. "एक्क्याऐंशी लागतात. मार्चमध्ये माझी परीक्षा आहे, आणि हे अध्यक्षांना नऊ वेळा सांगून झालंय. मी कार्यवाहपदाचा राजीनामा देते. मंजूर असेल त्यांनी हात वर करा."

आधी अभिजितने हात वर केला. मग हळूहळू हातच हात. दीडशे तरी असतील. विशाखाच्या डोळ्यांत पाणी आले.

"हरकत!" रवींद्रदादा उठले. "प्रत्येक हातात मोबाइल आहे. हे हात मतदानाचे नाहीत, चित्रीकरणाचे आहेत."

"मग मोबाइल खाली ठेवा ना!" विशाखा म्हणाली.

मोबाइल खाली गेले. त्यांच्याबरोबर हातही गेले. एकटा अभिजितचा वर राहिला, आणि त्याच्या सभासदत्वाचे नूतनीकरण झालेले नाही हे शैलाताईंनी जागेवरूनच निदर्शनास आणले. तेवढ्यात जेवण तयार असल्याची घोषणा झाली आणि सभा, जी भरलीच नव्हती, विसर्जित झाली. पुरणपोळीच्या रांगेत एकूण त्रेसष्ट जणांनी विशाखाला भेटून सांगितले की त्यांचा तिला पूर्ण पाठिंबा आहे.

"हात का नाही वर केलात मग?" तिने एकीला विचारले.

"अगं, व्हिडिओ हलला असता."

पण विशाखा आता परदेशी घटनाशास्त्र शिकली होती. मंडळाच्या घटनेच्या नवव्या कलमानुसार एका व्यक्तीला दोन पदे घेता येत नाहीत. तिने रीतसर अर्ज केला, की झूटरमेरच्या कालव्यावरील बदकांचे मानद निरीक्षक असे पद निर्माण करून त्यावर आपली नेमणूक करावी. नेमणूक झाली की पहिले पद आपोआप रिकामे.

कार्यकारिणीला कल्पना फार आवडली. पद पंधरा मिनिटांत निर्माण झाले. नेमणूकही झाली. मग शैलाताईंनी नवव्या कलमात तातडीची बाब म्हणून दुरुस्ती सुचवली: 'कार्यक्षम भगिनींना अपवाद.' दुरुस्ती टाळ्यांच्या गजरात मंजूर झाली. विशाखा आता कार्यवाह आहे आणि निरीक्षकही. बदकांचा अहवाल रविवारी सकाळी दहाला सादर करायचा असतो.

खासदार, म्हणजे माजी खासदार, टेकड्यांवर रुजू झाले. त्यांच्यानंतर तीन महिन्यांनी आणखी एका खासदाराला संसद सोडायची होती, म्हणून ते टेकड्याही सोडून मोकळे झाले. त्यांचे आभाराचे कार्ड आले आहे. अल्पपरिचयाची प्रत फ्रेम करून लावली, असे लिहितात. वाचता येत नसल्यामुळे रोज नवी वाटते.

परीक्षा येत्या मार्चच्या बावीस तारखेला आहे. विशाखा रात्री कचऱ्याची पत्रे लिहून सराव करते. आता ती दुसऱ्याच ओळीत कचऱ्यावर येते. वर्गाचे सहा रविवार उरले आहेत. त्यासाठी तिने शेवटचा उपाय म्हणून विशेष सर्वसाधारण सभा बोलावली आहे. तिची सूचना पुढे जशीच्या तशी देत आहोत, कारण इथपर्यंत येता येता आपण दोनदा तरी 'बिचारी' म्हणालात.

सूचना. पोल्डर मराठी मंडळाची विशेष सर्वसाधारण सभा येत्या रविवारी सकाळी ठीक दहा वाजता भरेल. विषय एकच: सांस्कृतिक कार्यवाहांचा राजीनामा. चहा, नाश्ता, भोजन नाही. सभासद नसलेल्या हितचिंतकांना त्या दिवसापुरते सभासद करून घेण्यात येईल; पुणे, ठाणे वा अन्यत्र राहणाऱ्यांना ऑनलाइन येता येईल, त्यामुळे अंतराची अडचण नाही. राजीनामा मंजूर होताच रिक्त पदावर उपस्थितांपैकी एकाची चिठ्ठी टाकून तहहयात नेमणूक होईल. आतापर्यंत नक्की येतो असे कळवलेले: एकशे सत्त्याण्णव. ही चिठ्ठीची ओळ वाचल्यानंतरही येतो असे कळवलेले: शून्य. एक्क्याऐंशी जण लागतात. तरी आपण स्वतः, पूर्ण वेळ, अवश्य उपस्थित राहावे, ही नम्र विनंती.