गुलाबकाकांची पोच

गुलाबकाकांच्या घरी लग्नाची पत्रिका द्यायला गेलेला माणूस पत्रिका देऊन सुटत नाही. काका चष्मा लावतात, पत्रिका पहिल्या गणपतीपासून खालच्या चिल्ल्यापिल्ल्यांच्या आग्रहापर्यंत अख्खी वाचतात, मग खिशातून चिठ्ठी काढून लिहितात, 'आपली पत्रिका मिळाली.' खाली सही आणि तारीख. चिठ्ठी पाहुण्याच्या हातात ठेवून म्हणतात, "हे घ्या पोच. सांभाळून ठेवजा."

माझ्या आईने एकदा त्यांच्याकडे वांग्याच्या भाजीचा डबा पाठवला होता. डबा घासूनपुसून परत आला आणि आत चिठ्ठी होती : 'वांग्याची भाजी मिळाली. मीठ कमी.' आई दोन दिवस फुगून होती. पण चिठ्ठी तिने फेकली नाही.

आमचं गाव हिंगणघाट तालुक्यातलं, अल्लीपूरवरून पुढे जावं लागतं. मी आता सावंगीला दवाखान्यात नर्स आहे, राहते वर्ध्याला, आणि सुट्टीच्या रविवारी गावी जाते. गेल्या गेल्या भिंतीपलीकडून आवाज येतो, "आली का पोरी? पोच दे!" मग मला आमच्या अंगणातून ओरडावं लागतं, "आली, काका!" तेव्हा कुठे माझं येणं कायदेशीर होतं.

ही सवय त्यांना नोकरीतून लागली. काका आमचे पोस्टमन. चार गावांची डाक त्यांनी सायकलवर वाहिली. त्यांच्या सायकलची घंटी वाजली की बाया हातातलं काम टाकून दारात यायच्या. तेव्हा पत्र येणं म्हणजे घरात पाहुणा येण्यासारखंच होतं. ते दिवस आठवले की मला अजून त्या खाकी थैलीचा वास येतो. "कागदाले पोच पायजे," काका म्हणायचे, "पोच नाई, तं कागद गेलाच नाई."

नियमाच्या बाबतीत काकांनी सख्ख्या बायकोलाही सोडलं नाही. ते मी डोळ्यांनी पाहिलंय. मी तेव्हा आठेक वर्षांची असेन, त्यांच्या ओसरीवर बसून काकूंनी दिलेले फुटाणे खात होते. राखीनंतर काकूंच्या भावाने रजिस्टर पार्सलाने लुगडं पाठवलं होतं. काकांनी स्वतःच्याच दारात सायकल उभी केली, घंटी वाजवली आणि पुकारा केला, "चंद्रभागाबाई गुलाबराव! रजिस्टर!"

काकू पिठाच्या हाताने बाहेर आल्या. "आता घरातच येऊन राह्यले, तं आणून ठेवा ना आतमंधी."

"आतमंधी नवरा राह्यते. दारात पोस्टमन आहे. सही करा."

"मले कुठं येते सही?"

"मंग अंगठा लावा."

काकांनी पॅड उघडलं, काकूंचा अंगठा धरला, शाईत दाबला आणि वहीवर टेकवला. आजूबाजूच्या ओट्यांवरचे लोक खो खो हसले. मीही हसले. काकू हसल्या नाहीत. लुगडं त्यांनी न उलगडता पेटीत टाकलं आणि काकांशी आठ दिवस बोलल्या नाहीत. नवव्या दिवशी दुपारी त्या पाटी घेऊन आमच्या आईच्या वर्गात येऊन बसल्या.

आई तेव्हा ग्रामपंचायतीच्या वाचनालयात बायांना लिहायला-वाचायला शिकवायची. वाचनालय म्हणजे एकच खोली, एक कपाट, दोन बाकं आणि आदल्या दिवशीचा पेपर. पण दुपारी ती बायांची खोली असायची, आणि तिथे त्या हसायच्या तशा घरी कधी हसताना मी पाहिल्या नाहीत. काकूंचं नाव पडलं लांबलचक. "माह्या बापाले छोटं नाव नाई सापडलं का वो," म्हणत त्यांनी अख्खा हिवाळा पाटी घासली. ज्या दिवशी पूर्ण सही जमली त्या दिवशी त्यांनी पेटीतून ते लुगडं काढलं आणि नेसून आमच्या घरी आल्या. आईसमोर सही करून दाखवली आणि म्हणाल्या, "आता जिती हावो तवर अंगठा नाई लावत."

काका रिटायर झाले आणि त्यांनी ग्रामपंचायतीकडे मोर्चा वळवला. खांबावरचा दिवा लागत नाही, अर्ज. नाली तुंबली, अर्ज. हातपंपाचा दांडा तुटला, अर्ज. आमच्याकडे ग्रामसेवकाला सगळे सचिव म्हणतात. ते सचिवसाहेब मान वर न करता म्हणायचे, "ठेवा तिथं टेबलावर." काका म्हणायचे, "पोच द्या." सचिव म्हणायचे, "शिक्का सापडून नाई राह्यला." काही वर्षं तो शिक्का सापडला नाही.

मग काका अर्जाची दुसरी प्रत घरी आणायचे आणि काकूंना मोठ्याने वाचून दाखवायचे. काकू भाकरी थापता थापता ऐकायच्या. मधेच टोकायच्या, "दांडा कवाचा तुटला तेही लिवा ना." मग हात धुऊन, पुसून, अर्जाच्या कोपऱ्यात 'मिळाला' लिहून खाली सही करायच्या. काका ती प्रत फायलीत लावायचे. "गावात एक तरी ऑफिस चालू आहे," असं म्हणायचे. अशा तीन जाड फायली झाल्या.

दोन हिवाळ्यांपूर्वी काकू गेल्या. त्यानंतर काकांचं पोच मागणं फारच वाढलं. दूधवाल्याला, कंडक्टरला, रस्त्यात राम राम करणाऱ्यालाही ते पोच मागायचे. लोक त्यांना चिडवायचे. मला हसू यायचं आणि वाईटही वाटायचं.

यंदाच्या उन्हाळ्यात वाचनालयाला कुलूप लागलं. आत खताच्या थैल्या रचलेल्या होत्या आणि त्या सरपंचाच्या साळ्याच्या होत्या. बाकं बाहेर उन्हात पडली होती. काका तडक ग्रामपंचायतीत गेले.

"गावानंच ठराव केला, काकाजी," सचिव म्हणाले. "ग्रामसभेत. एकमतानं."

"कोनत्या ग्रामसभेत? मी तं एकही सभा सोडत नाई."

हे खरं होतं. पुष्कळदा सभेला सचिव, शिपाई आणि काका एवढेच असायचे. सचिव म्हणायचे, पुरेसे लोक नाहीत, सभा तहकूब. ती परत कधी बोलावली ते काकांनाही कळायचं नाही, आणि तशा सभेला किती लोक हवेत याचं बंधन नसतं, त्यामुळे ठराव बिनबोभाट पास व्हायचे. शिपाई नंतर घरोघरी रजिस्टर फिरवून सह्या आणायचा. सगळ्यांना ठाऊक होतं आणि काका सोडून सगळे सही करायचे. आमच्या घरचेसुद्धा. मीही एकदा केली आहे, न वाचता, चहाचा कप हातात धरून.

काकांनी माहितीच्या अधिकारात त्या सभेचे कागद मागितले. महिना गेला, उत्तर नाही. मग एस.टी.ने हिंगणघाटला जाऊन पंचायत समितीत अपील टाकलं. तिथे मात्र पोच मिळाली. ती त्यांनी मला दोनदा दाखवली. शेवटी कागद आले. झेरॉक्स पुसट होती म्हणून एका रविवारी ते माझ्याकडे घेऊन आले. "वाच पोरी, हजर कोनकोन होतं ते."

सभेची तारीख यंदाची होती. मी नावं वाचत गेले आणि एका ओळीवर थांबले. क्षणभर वाटलं, ती ओळ गाळावी. पण काकांसमोर कागद अर्धवट वाचायची माझी हिंमत नव्हती. "चंद्रभागाबाई गुलाबराव," मी वाचलं. "हजर."

काकांनी चष्मा काढून पुसला. मग म्हणाले, "सही आहे?"

"नाही काका. अंगठा आहे."

त्यांनी कागद हातात घेतला आणि बराच वेळ त्या काळ्या ठशाकडे पाहत राहिले. "अंगठा?" एवढंच म्हणाले आणि चहा न घेता उठून गेले.

दुसऱ्या दिवसापासून त्यांनी खास ग्रामसभेच्या मागणीसाठी सह्या गोळा केल्या. अर्ज रीतसर होता, नाकारता येईना. तारीख ठरली. सचिवांनी गावाच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर नोटीस टाकली आणि ते मोकळे झाले. ती नोटीस कोणाच्या तरी वाढदिवसाच्या केकखाली गडप झाली.

काकांनी परसातून सायकल काढली. चेनला तेल घातलं, घंटी घासली. आणि इतक्या वर्षांनी पुन्हा गावात ती घंटी दारोदार वाजली. प्रत्येक घराला काकांनी हाताने लिहिलेली चिठ्ठी दिली आणि वही पुढे केली, 'सभेची खबर मिळाली.' जिला लिहिता येतं तिने सही केलीच पाहिजे. म्हाताऱ्या बाया पदर सावरून दारात आल्या. एकीने विचारलं, "काऊन जी, मनिऑर्डर आली का?" काका म्हणाले, "सभा आली, बाई. पोच देल्ली, आता नाई आली तं खोटी पडशीन."

आमच्या गावच्या माणसाला सभा चुकवता येते, पण सही करून खोटं पडणं त्याला जमत नाही. सभेच्या दिवशी सभागृह भरलं, व्हरांडा भरला, बाया पायऱ्यांवर बसल्या. मी रजा टाकून गेले होते. सचिवांनी दोनदा डोकी मोजली. दोन्ही वेळा भरपूर भरली.

काका उठले. आता ते खतावर, साळ्यावर बोलणार म्हणून सगळे सरसावून बसले. काकांनी झेरॉक्स वर धरली. "हा अंगठा कोनाचा?"

सचिवांनी घाम पुसला. "काकाजी, ते मयताचं नाव यादीतून काढायचं राहून गेलं. चूक झाली."

"मेल्यावर बोलावलं त्याचं काई नाई," काका म्हणाले. "तिले सभेत बसाची लय हौस होती. पण तिनं अंगठा लावलाच नसता. कोनाचा आहे?"

मागून शिपाई उभा राहिला. गरीब माणूस, रडकुंडीला आला होता. "माहा आहे, काकाजी. यादी जुनी होती. जिथं दार बंद दिसलं, तिथं मीच लावला."

काकांनी तिन्ही फायली टेबलावर ठेवल्या. "हे पाहा. पानापानावर तिची सही आहे. ज्या खोलीत ते सही शिकली, ते खोली तुमी तिच्या अंगठ्यानं देऊन टाकली?"

मग पायरीवरच्या बाया एकेक करून उठल्या आणि टेबलाशी येऊन 'ठराव रद्द करा' म्हणाल्या. ठराव रद्द झाला. रजिस्टरात तो शब्दन् शब्द लिहून होईपर्यंत कोणी घरी गेलं नाही. बायांनी सह्या केल्या, काहींनी खूप वेळ लावून. काकांनी प्रत मागितली आणि म्हणाले, "पोच." सचिवांनी ड्रॉवर उघडला. शिक्का तिथेच होता.

पुढल्या रविवारी मी गेले तेव्हा काका ओसरीवर फाईल घेऊन बसले होते. नेहमीसारखी पोच मागितली नाही म्हणून मीच भिंतीला वळसा घालून गेले. वाटलं, जिंकल्याच्या आनंदात असतील. त्यांनी एक कागद माझ्यापुढे सरकवला. अर्जच होता, त्यांच्या गोल अक्षरात. 'प्रति, सौ. चंद्रभागाबाई. विषय : दारात लोकांसमोर अंगठा लावायला लावल्याबद्दल माफी मिळणेबाबत.'

"तवाच लिवाचा होता," काका म्हणाले. "शिपायानं तरी तिच्यामागं लावला. मी तं तिचा हात धरून लावला. ते जिती होती तवर म्हणाचं राहूनच गेलं."

मी त्यांच्या खिशातला पेन घेतला. "काका, काकूंच्या वतीने मी देते पोच."

त्यांनी पेन माझ्या हातातून हळूच काढून घेतला. "नको, पोरी. दुसऱ्याच्या नावावर तू केली, तं तुह्यात अन् त्या शिपायात फरक काय राह्यला?"

मग त्यांनी अर्जाची घडी नीट केली, तिसऱ्या फायलीत शेवटी लावला आणि दोरी बांधली. त्या फायलीतला पोच नसलेला तेवढा एकच कागद आहे.