निष्काम करसल्लागार

"या वर्षी एकाचीही फी बुडू देणार नाही! देवाशपथ!"

अनंता घरत देवघरासमोर उभा राहून असा काही गरजला, की समईची ज्योतसुद्धा दचकली! आतून त्याची बायको नलू म्हणाली, "अवो, देवाला कशाला दम देताव? देवानं कुठं तुमच्याकडनं रिटर्न भरून घेतलंय?"

मंडळी, काशीद सोडून मुरूडच्या अंगाला आलं, की आमचा कोळीवाडा लागतो. त्या अख्ख्या कोळीवाड्यात इन्कम टॅक्सचं रिटर्न भरून देणारा माणूस एकच, तो म्हणजे अनंता. बोटीवर कर्ज काढायचं, घरगुती लॉजिंग थाटायचं, पोराचा शिक्षणाचा अर्ज भरायचा, सगळ्याला रिटर्न लागतं. आणि लागतं ते नेहमी शेवटच्या दिवशीच! वर्षभर ज्यांना अनंताचं घर दिसत नाही, ती माणसं त्या दिवशी सुकटीवर मांजरं यावीत तशी त्याच्या ओटीवर गोळा होतात.

काम झालं की मात्र ओटी रिकामी! त्यातून आमच्याकडे पावसाळ्यातली मासेमारीची बंदी आणि रिटर्नची मुदत बहुधा एकाच दिवशी संपते. हा योग ज्याने जुळवला, त्याचं अनंताशी गेल्या जन्मीचं वैर असावं. जुलैत फी मागावी तर हर्षद नाखवा म्हणतो, "अनंताभाव, बंदी हाय! बोट वर वढून शाकारलेली, पैसं काय किनाऱ्याच्या खडपातनं खरवडून आनू?" ऑगस्टात मागावी तर नाखवा भर समुद्रात, आणि त्याचा फोन रेंजच्या बाहेर. बरं, गाठ पडलीच तर हा पठ्ठ्या म्हणतो, "देतंय की! मी काय पलून चाललूय?"

पळून कोणीच जात नव्हतं. देतही नव्हतं.

खरी गोम मात्र वेगळीच होती. अनंताला मागताच येत नसे! फी मागायला तो निघे, देणेकऱ्याच्या दारात चहा पिई, त्याच्या म्हाताऱ्या आईच्या गुडघ्यांची चौकशी करी आणि "चला, सहज आलो होतो," म्हणून घरी येई. 'पैसे' हा शब्द त्याच्या घशात काट्यासारखा अडके.

म्हणून या वर्षी त्याने अफलातून बेत आखला. श्रावणातल्या सप्त्यात काल्याच्या दिवशी एकही बोट समुद्रात जात नाही. सगळं गाव देवळात. आणि कीर्तन रंगात आलेलं असताना उठून जाण्याची आमच्यात कोणाची छाती नाही! म्हणजे सगळे देणेकरी एका छपराखाली, मांडी घालून, टाळ हातात! अनंताला कीर्तनाचं वेड लहानपणापासूनचं. बुवांनी नुसता सूर लावला तरी ह्याचे डोळे भरतात. त्याने मोरेश्वरबुवांना बोलावणं धाडलं आणि देवळाच्या फळ्यावर ठळक अक्षरांत लिहवून घेतलं : 'काल्याच्या कीर्तनाची बिदागी – श्री. अनंत घरत यांजकडून.'

"आणि ती देणार कुठनं?" नलूने विचारलं.

"अगं, कीर्तन संपल्याबरोबर फीचा पाऊस! त्यातली मूठभर बुवांना, बाकीची आपल्याला!"

बुवा आदल्या दिवशी दुपारीच आले. उंच, गोरेपान, आवाज असा की ओटीवरची भांडी किणकिणावीत. नलूने पोहे पुढे ठेवले. अनंता त्यांच्यासमोर बसून सतरंजीचे दोरे उपसू लागला.

"बुवा, उद्याच्या निरूपणात जरा... एक विषय घ्याल का?"

"बोला ना."

"मी या लोकांची कामं करतो. वर्षानुवर्षं. पण कोणी काही देत नाही."

बुवांचा घास हातातच राहिला. "आणि तरी तुम्ही करता?"

"करतो."

"मागत नाही?"

"जीभच रेटत नाही, बुवा!"

बुवांचे डोळे पाणावले. त्यांनी अनंताचे दोन्ही हात धरले, पोह्याच्या हातानेच. "बस! अक्षरही बोलू नका. उद्या मी बोलतो. नाव घेऊन बोलतो!"

अनंता इतका खूष झाला, की त्याने त्यांना तीनदा पोहे वाढले.

दुसऱ्या दिवशी काय कीर्तन रंगलं! मृदंग गरजतोय, टाळ झडतायत, बायकांच्या बाजूला पदर डोळ्यांना लागलेत. आणि मग बुवा थांबले. एकच बोट वर करून म्हणाले, "या गावात एक माणूस आहे. तुम्हा सगळ्यांच्या डोक्यावर त्याचं ऋण आहे!"

अनंताने हळूच मान वळवली. हर्षद नाखवा घामाने थबथबला होता. सुकी मासळी विकणाऱ्या आवडाबाईंनी डोळे मिटून घेतले होते.

"तो तुमच्यासाठी राबतो. तुम्ही त्याला काय दिलंत? काय दिलंत?"

नाखव्याची हनुवटी छातीला टेकली. अनंता मनातल्या मनात पावत्या फाडू लागला.

"आणि तो मागतो का? नाही! का मागत नाही?" बुवांचा आवाज गहिवरला. "कारण त्याला ते नकोच आहे! अरे, निष्काम सेवा पोथीत शोधू नका! ती इथे, या खांबाला टेकून बसली आहे! धन्य ते अनंतराव!"

आणि टाळ्यांचा असा कडकडाट झाला, की देवळामागच्या माडावरच्या घारी उडाल्या!

अनंता "अहो, नाही... तसं नव्हे..." म्हणत उठला. लोकांना वाटलं, विनय! मग तर जास्तच गजर झाला. हर्षद नाखव्याची मान तर अशी ताठ झाली, जशी नवी डोलकाठी. तोच पुढे धावला आणि बुवांच्या गळ्यातला हार काढून त्याने अनंताच्या गळ्यात घातला. "अनंताभाव! मना ठावंच नव्हतं रं, तू एवढा मोठा मानूस हायस! मी उगाच तुला पाहून गल्ली बदलत होतू!"

एवढ्यावर भागलं असतं तरी चाललं असतं. पण आवडाबाई खऱ्या माणूस. त्या पदराची गाठ सोडत पुढे आल्या. "मी न्हाय बाबा कुनाचं फुकट ठेवत. हे घे, तीन वर्सांची फी." आणि सगळ्या गावासमोर त्यांनी नोटा पुढे केल्या.

आयुष्यात पहिल्यांदा कोणीतरी न मागता फी देत होतं! पण गळ्यात हार, कपाळाला बुक्का, समोर चारशे माणसं आणि पाणावलेले बुवा. अनंताचा हात पुढे व्हायला निघाला, आणि तोंडातून शब्द आले, "छे छे, आवडाबाई! भलतंच काय!"

आवडाबाईंनी नमस्कार केला आणि नोटा आरतीच्या ताटात टाकल्या.

काल्याचा प्रसाद घेऊन होईतो बातमी काशीदपर्यंत पोचली. तिथला लॉजवाला विपुल मोटारसायकलवरून भलीमोठी पिशवी घेऊन हजर! "काका, ती निष्काम सेवा चालू हाय ना अजून? माझ्या मेव्हण्याचेपन कागद आणलेत."

"ठेव," अनंता म्हणाला. दुसरं काय म्हणणार?

जेवणं झाली. पाहुणे पांगले. मोरेश्वरबुवा ओटीवर बसून सुपारी कातरत राहिले. गाडी दारात उभी, पण बुवा उठेनात. एकदा त्यांनी हवेबद्दल विचारलं. एकदा नलूच्या आईच्या तब्येतीबद्दल. अनंताच्या एकदम लक्षात आलं. अरे, ही तर आपलीच पद्धत!

त्याचा धीर सुटला. "बुवा, बिदागी द्यायला माझ्याकडे काही नाही हो! मला फी हवी होती! तुम्ही ती माफ करून टाकलीत!"

बुवांनी आधी आ वासला. मग ते असे हसले, की पगडी मांडीवर आली. "अहो, मग सरळ सांगायचं ना!"

"लाज वाटली."

"मलाही वाटते!" बुवा आवाज उतरवून म्हणाले. "चार गावांची बिदागी अडकली आहे माझी. देवाचं नाव घ्यायचं आणि त्याच तोंडाने पैसे मागायचे? मला नाही जमत."

आणि एकाच क्षणी दोघांच्या डोक्यात उजेड पडला. स्वतःसाठी मागवत नाही, पण दुसऱ्यासाठी मागायला कसली लाज? ठरलं! बुवांची बिदागी अनंताने वसूल करायची आणि अनंताची फी बुवांनी!

नलू दारातून म्हणाली, "आंधल्याला लंगड्याची काठी!" पण तिचं कोण ऐकतो?

दुसऱ्याच दिवशी अनंता आगरदांड्याहून फेरीबोटीने दिघीला गेला. तिथे उतरून पलीकडच्या गावच्या देवस्थानच्या अध्यक्षांच्या दारात जाऊन थडकला. त्याच वेळी बुवा आमच्या कोळीवाड्यात घरोघर फिरू लागले. उन्हं कलली तेव्हा दोघे अनंताच्या ओटीवर भेटले. दोघांच्याही हातात नारळ.

"काय झालं, अनंतराव?"

"माणसं फार प्रेमळ, बुवा. लाडू दिले. तुमची बिदागी विचारणारच होतो, तेवढ्यात अध्यक्ष म्हणाले, देवस्थानचे हिशोब रखडलेत. देवाचं काम! नाही कसं म्हणू? तुमचं?"

बुवांनी नारळ कुरवाळला. "नाखवा बोटीला रंग देतोय. म्हणाला, बुवा, बोटीच्या पूजेला कीर्तन करा. आवडाबाईंच्या नातवाचं बारसं आहे. तिथेही एक लागलं."

"आणि फी?"

"तो विषयच निघाला नाही हो."

मग बुवांनी खाकरून घसा साफ केला. "बरं, बाकीचं जाऊ द्या. पण काल्याच्या कीर्तनाची बिदागी? ती वसूल करणंही तुमच्याकडेच आलं ना? अनंत घरतांकडे गेला होतात का?"

अनंताने मान खाली घातली.

"गेलो होतो, बुवा. पण मी घरी नव्हतो!"