लोर्नाच्या स्केटचे दात

विलो बेंड गावच्या बर्फाच्या रिंकवर, कपडे बदलायच्या खोलीत, लोर्ना हावरीशने पिशवीतून आपले स्केट बाहेर काढले आणि ती मटकन बाकावर बसली. पात्याच्या टोकाशी जे करवतीसारखे दात असतात, ते नव्हते. दोन्ही पाती लोण्याच्या सुरीसारखी गुळगुळीत दिसत होती.

दारात तिचा नवरा उभा होता. ओरेस्टच्या चेहऱ्यावर नातवंडाला खाऊ आणलेल्या आजोबांचा आनंद होता.

"बघितलंस? म्हटलं, आज परीक्षा आहे, तर धार लावून ठेवावी. पुढच्या बाजूला केवढ्या खाचा पडल्या होत्या गं. कसल्या घाणेरड्या बर्फावर शिकवत होतीस इतकी वर्षं?"

सबंध गावाच्या, बर्फावरच्या हॉकीच्या स्केटना ओरेस्ट धार लावी. हॉकीच्या पात्याला दात नसतात. लोर्नाचे स्केट मात्र आजवर त्याच्या यंत्राखाली कधी गेले नव्हते. ते शहरातल्या एका म्हाताऱ्या कारागिराकडे जात. यंदा तो कारागीर हिवाळा काढायला लेकीकडे दक्षिणेत गेला होता, आणि प्रेमाला कुठे कुणाला विचारायची सवय असते?

लोर्नाने तोंड उघडलं. शब्द फुटेना. माणूस फार रागावला की ओरडतो. त्याच्याही पलीकडे गेला की गप्प होतो. ती नुसती स्केटकडे बघत राहिली.

"आनंदानं वाचा बसली तुझी," ओरेस्ट समाधानाने म्हणाला आणि कॉफी आणायला गेला.

दातांविना फिगर स्केटिंग, म्हणजे उड्या-गिरक्यांचं स्केटिंग, करणं म्हणजे काठीविना तंबू उभारणं. झपकन सुरुवात करणं, उडी घेणं, गिरकीला टेकू घेणं, सगळं त्या दातांवर. आणि प्रशिक्षकाच्या परवान्याची परीक्षा आजच होती. यंदापासून नवा नियम आला होता: परवानाधारक प्रशिक्षक नसेल त्या क्लबला रिंकवर जागा नाही. लोर्नाने गावातल्या मुलींच्या दोन पिढ्या बर्फावर उभ्या केल्या होत्या, पण त्याचा दाखला तिच्याकडे नव्हता. ती नापास झाली की मुलींचे संध्याकाळचे तास हॉकीवाल्यांना जाणार, आणि पुढची परीक्षा थेट बर्फ वितळल्यावर.

परीक्षक पेलेटिएबाई राजधानीतून गाडी हाकत आल्या होत्या. बारीक अंगाच्या, ओठ मिटलेल्या. रिंकच्या मधोमध उभ्या राहून त्या म्हणाल्या, "या. सुरू करू."

लोर्नाने ठरवलं होतं, दातांना विसरायचं. पण चाळीस वर्षं बर्फावर घालवलेला पाय असा ठराव पाळतो का? सवयीने तिने टोकावर जोर देऊन स्वतःला पुढे ढकललं. टोक सटकलं. ती पोटावर पडली, आणि तशीच, हात पुढे पसरून, सरकत सरकत थेट परीक्षकबाईंच्या पायांशी जाऊन थांबली. असा साष्टांग दंडवत पेलेटिएबाईंना जन्मात कुणी घातला नसेल.

"तुम्ही नेहमी अशीच सुरुवात करता?" त्यांनी वरून विचारलं.

"अंग मोकळं करत होते," लोर्ना बर्फाला उद्देशून म्हणाली.

"बरं. विद्यार्थी कुठाय? अर्ध्या गिरकीची उडी शिकवायची आहे. ज्याला येत नाही अशालाच."

तेवढ्यात कँटीनमधून ओरेस्ट आला. "आज शिकायला येणार होती त्या टेसाच्या आईचा फोन होता. पोरीला कांजिण्या आल्यात. बाकीच्या पोरी गावाबाहेरच्या, त्यांचे रस्ते कालच्या बर्फानं बंद आहेत म्हणे."

पेलेटिएबाईंनी घड्याळ पाहिलं. "वादळ यायच्या आत मला निघायला हवं. विद्यार्थी नाही, तर परीक्षा नाही. वयाची अट नाही आमची. कुणीही चालेल."

लोर्नाने मान वर केली. समोर कॉफीचे दोन कप घेऊन तिचा नवरा उभा होता. पोट कोटाबाहेर, पाय नेहमीसारखे हॉकीच्या स्केटमध्ये.

"याला येत नाही," ती म्हणाली.

"काय येत नाही?" ओरेस्टने विचारलं.

"ते कळेल तुला. कप ठेव खाली."

कठड्याबाहेर हॉकीचा सगळा संघ आपल्या सरावाची वाट पाहत उभा होता. आपला धारवाला बर्फाच्या मध्यावर, बायकोसमोर, हात पसरून उभा आहे हे पाहून त्यांच्यात शांतता पसरली. अशी शांतता विलो बेंडच्या रिंकवर सामना हरल्यावरच पडे.

लोर्नाला करून दाखवता येत नव्हतं. ती जागची हलली तरी पुन्हा दंडवत. तिने दोन्ही हात पाठीमागे बांधले आणि खांबासारखी उभी राहिली.

"डाव्या पायाच्या बाहेरच्या कडेवर पुढे ये. उजवा पाय समोर झोकून दे. हवेत अर्धी गिरकी घे आणि उजव्या पायावर पाठमोरा उतर."

"कडेवर म्हणजे?"

"कडेवर म्हणजे कडेवर."

ओरेस्टने झोकून दिलं ते सगळंच. तो बसता झाला तेव्हा कठड्याच्या फळ्या थरथरल्या.

"एकदा करून दाखव ना गं."

"नाही दाखवणार."

"मग मला कसं कळायचं?"

कसं कळायचं हे लोर्नालाही कळत नव्हतं. या माणसाला शब्दांतलं काही कळत नाही, हे लग्नापासून तिला ठाऊक होतं. त्याला कळतात सूर. दर रविवारी चर्चमध्ये तोच सगळ्यांच्या पुढे गातो. खर्जातला त्याचा आवाज लागला की तोंडं फिरवलेली शेजारीपाजारीही एका सुरात येतात. तिला एकाएकी उमगलं.

"ओरेस्ट, 'प्रभो, दया कर' म्हण. रविवारचं."

"इथं?"

"इथं. 'प्रभो'वर डावा पाय. सूर लांबव, तोवर घसरत राहा. 'दया' वर चढते, तिथं तूही वर जा. 'कर'ला खाली येतोस ना, तिथं उतर. हलकेच. देवासमोर उतरतोयस."

ओरेस्टने डोळे मिटले आणि सूर लावला. पत्र्याच्या छपराखाली तो असा घुमला की हॉकीच्या पोरांनी सवयीने हेल्मेटं काढली. पहिल्या खेपेला तो डगमगला. दुसऱ्या खेपेला गुडघा टेकला, पण देवाच्या नावावर टेकला म्हणून कुणी हसलं नाही. तिसऱ्या खेपेला 'दया' उंच चढली, तिच्याबरोबर तो अवाढव्य देह बर्फावरून सुटला, हवेत फिरला, आणि 'कर' म्हणता म्हणता उजव्या पायावर पाठमोरा, सावलीसारखा उतरला.

कुणी टाळी वाजवली नाही. सगळ्यांनी आ वासला होता, ओरेस्टनेही.

पेलेटिएबाईंनी रुमालाने नाक पुसलं.

"उत्तीर्ण," त्या म्हणाल्या. "धडा देताना प्रशिक्षक स्वतःच्याच उड्या दाखवत सुटतात. नावाजलेल्यांना तो मोह आवरत नाही. तुम्ही एक पाऊल हलला नाहीत. हा संयम कुठून आणलात?"

"घरूनच मिळाला," लोर्ना म्हणाली.

बाईंची गाडी दिसेनाशी झाली, तेव्हा लोर्ना खोलीत येऊन बसली. ओरेस्ट गुडघ्यावर बसून तिच्या नाड्या सोडू लागला. तिच्या पोटात दुपारपासून एक लांबलचक भाषण तयार होतं.

"पण खरंच का नाही दाखवलंस?" तो म्हणाला. "मी एवढी सुंदर धार लावली होती."

"त्या खाचा नव्हत्या, ओरेस्ट. दात होते. बर्फ धरायला असतात. त्यांच्याविना मला साधी उडीही घेता येत नाही."

त्याचे हात थांबले. त्याने पात्याच्या टोकावरून अंगठा फिरवला, पुन्हा फिरवला, जणू दात परत फुटतील.

"तीस वर्षं मी तुझ्यासमोर स्केटिंग करते," लोर्ना म्हणाली. "दर हिवाळ्यातला कार्यक्रम. एकदाही बघितलं नाहीस का रे?"

"एकही चुकवला नाही," ओरेस्ट खालमानेने म्हणाला. "पण पायांकडे कोण बघतं, लोर्ना? मी तुझ्या तोंडाकडेच बघत बसायचो."

लोर्नाला ते भाषण कुठून सुरू करायचं होतं, ते आठवेना. तिने दुसरा पाय त्याच्यापुढे केला.