फक्त अर्धा फेरा

मास्तरांची गाडी बावीस वर्षांची होती आणि अलीकडे तिला थांबणं सोसत नव्हतं. धावताना गुणी, पण सिग्नलला मास्तरांनी पाय उचलला की दोन आचके देऊन बंद. मागून हॉर्न सुरू झाले की धरणी पोटात घेईल तर बरं, असं त्यांना होई. प्लग बदलले, कार्ब्युरेटर दोनदा धुतला, तरी पहिले पाढे पंचावन्न.

शेवटी मास्तरीणबाईंनी निकाल दिला. रविवारी लेकीला परीक्षेला सोडताना गाडी एकदा जरी बंद पडली, तर सोमवारी भंगारवाला येणार. त्याला फोनही झाला. मास्तर हादरले. घरात त्यांचं थोडंफार ऐकणारी ती गाडी एकटीच होती.

शनिवारी मेकॅनिकने बॉनेट उघडून आयडलिंगचा स्क्रू सगळ्या घरादाराला दाखवला. तो आवळला की उभ्या गाडीचं इंजिन जोरात फिरतं. "मी आवळलाय. वाटलंच तर आणखी अर्धा फेरा द्या. त्यापुढे माझी जबाबदारी नाही."

रविवारी गाडी किंचाळतच सुरू झाली. अ‍ॅक्सिलरेटरला पाय न लावता ती पळत होती आणि मास्तर सबंध रस्ताभर ब्रेकवर उभे होते. पण एकाही सिग्नलला ती बंद पडली नाही. परीक्षा केंद्राच्या दारात मास्तरांनी कृतार्थ मनाने किल्ली फिरवून बाहेर काढली. इंजिन खोकत, धडधडत चालूच राहिलं.

आतून पर्यवेक्षक धावत आले. "गाडी बंद करा हो, मुलांना सूचना ऐकू येत नाहीत."

"बंदच आहे," मास्तर किल्ली दाखवत रडवेल्या आवाजात म्हणाले.

मागे बसलेले मास्तरांचे वडील जुने बसड्रायव्हर. स्क्रू फार आवळला की इंजिन किल्लीलाही जुमानत नाही, असं सांगून त्यांनी खिडकीबाहेर पाहत कबूल केलं, की पहाटे त्यांनी अर्धा फेरा दिला होता. मास्तरांनी आदल्या संध्याकाळीच दिला होता.

"मी एक पूर्ण दिला," लेक उतरता उतरता म्हणाली. "परीक्षा माझी आहे."

वडिलांनी सांगितलं तसं मास्तरांनी गिअर टाकला, ब्रेक दाबला आणि क्लच सोडला. गाडीने जोराचा हिसका दिला आणि ती गप्प झाली. मास्तरांनी स्टिअरिंगवर डोकं टेकलं.

"येऊ दे उद्या भंगारवाल्याला," ते म्हणाले.

शेजारी बसलेल्या मास्तरीणबाईंनी पर्सचा बंद बोटाला गुंडाळला.

"त्याला मी कालच नको म्हणून कळवलं," त्या म्हणाल्या. "तुमचा चेहरा बघवेना. आणि त्या स्क्रूला अर्धा फेरा माझाही आहे."