ओट्याला हंसांची रेलिंग

आमच्या किन्हवलीत घराची परीक्षा रस्त्यावरून होते. आत स्लॅब गळत असला तरी चालेल, पण पुढच्या ओट्याला झोकदार रेलिंग पाहिजेच! म्हणून धाकट्या भावाचं, प्रणयचं, लग्न जमेना तेव्हा मी घरात जाहीर करून टाकलं, "कुणी काळजी करू नका. हे लग्न मी रेलिंगवर जमवतो!"

प्रणय वाशिंदच्या एका कारखान्यात आहे. पोरगा सोन्यासारखा, पण कंत्राटी. मुलीकडचे "पर्मनंट हाय का?" एवढं विचारायचे आणि चहा अर्धा टाकून उठायचे. आता मुरबाडकडच्या एका गावचे सरपंच किशोरराव त्यांच्या दिशासाठी आमचं घर पाहायला येणार होते. दिशा आणि प्रणय कॉलेजपासून एकमेकांना पसंत. हे स्थळ हुकलं तर पोरगा पार खचला असता. त्याचं जेवण आत्ताच निम्म्यावर आलं होतं, आणि मला ते बघवत नव्हतं.

मी मुरबाडला शेखर वेल्डरकडे गेलो. त्याने मोबाइलवर एकाहून एक रेलिंगा दाखवल्या आणि भाव सांगितला. मला बसायला स्टूल मागावं लागलं!

"शेखर, जरा कमीत नाय का होणार?"

"मग माल तुमी आणा. मी नुसता जोडून देतो."

माल शोधत मी वाशिंदच्या एका भंगारवाल्याकडे पोचलो, आणि काय सांगू! फुटक्या टाक्यांच्या मागे अख्खी रेलिंग पडलेली! चोचीला चोच लावून बसलेले हंस आणि मधे कमळं. एका हंसाची मान तेवढी वाकडी होती.

"कुठली रे ही?"

"एक पुढारी टेम्पोच्या पुढे स्वतः गाडीतून आले आणि देऊन गेले. काळा गॉगल, पांढरी गाडी. खानदानी माल हाय, शेठ!"

खानदानी म्हटल्यावर मी विरघळलो. शेखरने ती ओट्याला बसवली, सोनेरी रंग मारला. वाकड्या मानेचा हंस मी मुद्दाम पायरीजवळ घेतला. तो पाहुण्यांना वाकून नमस्कार करतोय असं वाटायचं!

ठरल्या दिवशी पाहुणे आले. पुढे किशोररावांची आत्या सकुबाई, मागे बायका, त्यांच्यामागे पुरुष. सकुबाई पायरीपर्यंत आली, तिने हंसांकडे पाहिलं आणि जागच्या जागी थांबली. डोक्यावर पदर घेतला, हात जोडले आणि सरळ माघारी फिरली. तिच्यामागे सगळ्या बायका माघारी!

"आत्याबाई, वर या ना!"

"नाय रे बाबा. आमी बाया इथवरच. फुडं पुरुष जातील."

मी रुपालीच्या, म्हणजे बायकोच्या, कानात म्हणालो, "बघ, याला म्हणतात मर्यादा!"

"कसली मर्यादा? ती मागची बाय डोळे पुसते, बघा जरा!"

एवढ्यात सकुबाईने रस्त्यावरून हाळी दिली, "ही आमच्या गावच्या विसाव्याची जाळी हाय! तो मानमोड्या हंस मी वळखत नाय का? माझ्या मालकाला याच्याच पुढ्यात टेकवला व्हता!"

माझ्या पायाखालची जमीन सरकली. विसावा म्हणजे स्मशानाच्या वाटेवर तिरडी घडीभर टेकवायचा ओटा. बायकांनी तिथवर यायचं आणि मागे फिरायचं. मी माझ्या घराला त्याचीच रेलिंग लावली होती, वर सोनेरी रंग देऊन!

"पण ती तर चोरीला गेली ना?" पाहुण्यांतला एकजण म्हणाला. "नवीन विसावा बांधला तेव्हा ग्रामसभेत सरपंचच बोलले!"

सगळे माझ्याकडे वळले. प्रणय चहाचा ट्रे घेऊन दारातच थांबला.

"चोरी नाय हो!" मी ओरडलो. "वाशिंदच्या भंगारवाल्याकडून घेतली! त्याला एका पुढाऱ्याने स्वतः आणून दिली. पांढरी गाडी, काळा गॉगल..."

किशोररावांनी गॉगल काढून खिशात घातला. दारात त्यांची पांढरी गाडी उभी होती, ती काही खिशात मावेना. त्यांना जोराचा ठसका लागला. माझं कोपर धरून त्यांनी मला गोठ्यामागे नेलं.

"पाव्हणं, मुलगा पसंत हाय आमाला."

"पण नोकरी कंत्राटी..."

"माणूस पर्मनंट पायजे, नोकरीचं काय घेऊन बसलात! रेलिंगचं माझ्यावर सोडा. तुमी फक्त गप ऱ्हा."

मी गोठ्याआडून पाहिलं. प्रणय रस्त्यावर उभ्या बायकांना चहा देत होता आणि नजर उचलत नव्हता. मी गप राहिलो. बायका ओट्यावर यायला तयार नसल्यामुळे सुपारी रस्त्यावरच फुटली!

लग्न झोकात झालं. रेलिंग परत गावाला गेली. चोरीचा माल शोधून काढल्याबद्दल किशोररावांचा शाल-श्रीफळ देऊन सत्कार झाला आणि मुरबाडच्या नाक्यावर भलामोठा बॅनर लागला. वर हात जोडलेले किशोरराव, आणि खाली कोपऱ्यात चक्क मी! माझ्या फोटोखाली लिहिलेलं, 'मनपरिवर्तन होऊन रेलिंग स्वखुशीने परत करणारे'.

मी तडक व्याह्यांना फोन लावला. "अहो, चोर म्हणून माझं नाव कशाला?"

"पाव्हणं," ते शांतपणे म्हणाले, "बाहेरच्याचं टाकलं असतं तर पोलीस केस झाली असती. तुमी काय, घरचेच!"

रुपाली म्हणते, फोटो मात्र झकास आलाय.